जहाज छाप आणि चांदणी छाप

दादाचा डावा हात उसाच्या चरकात सापडला तेव्हा मी नगरला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. आमच्या घरातून, खरं तर सगळ्या भावकीतून, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव कोल्हारच्या पलीकडे, प्रवरेच्या काठी. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस होतो आणि हिवाळ्यात आमचं गुऱ्हाळ चालतं. चरकात ऊस सारणाऱ्या माणसाला हात कुठे थांबवायचा हे शिकवावं लागत नाही, ते अंगात मुरलेलं असतं. दादाच्याही मुरलेलं होतं. त्या दिवशी बैलांनी एकदम हिसका दिला, एवढंच मला नंतर सांगण्यात आलं. मधलं बोट आणि त्याच्या पलीकडचं, अशी दोन बोटं गेली. अंगठा, त्याच्याजवळचं बोट आणि करंगळी राहिली.

हात वाचला हेच नशीब, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा. ते खोटं नव्हतं. नांगर धरता येत होता, मोट हाकता येत होती, विळाही चालत होता. पण दादा पावा वाजवायचा. तो भजनातबिजनात फारसा वाजवत नसे. त्याची जागा गुऱ्हाळ. ऊस सारायची पाळी दुसऱ्याची असली की तो चरकाच्या लांब आडव्या लाकडावर बसायचा आणि बैलांमागे गोल फिरत पावा वाजवायचा. बैल त्या पाव्याला इतके सरावले होते की तो थांबला की तेही थांबत. आबा, म्हणजे आमचे वडील, चिडून ओरडायचे, "आरं, श्वास घे, पर वाजिवनं सोडू नको, कढईत रस कमी पडाय लागलाय!" अपघातानंतरचा तो हंगाम आबांनी आणि गड्यांनी बैलांना शिव्या देत, चाबूक वाजवत कसातरी पुरा केला. पावा दादाने आढ्याला खोचून ठेवला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. फक्त एक सवय लागली. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक तो डाव्या हातावर असं घ्यायचा की हात दिसू नये. जेवतानासुद्धा.

मी घरातला धाकटा. माझ्या शिक्षणासाठी दादाने शाळा सोडली असं कुणी बोलून दाखवत नसे, पण चौथीनंतर तो औतामागे गेला आणि मी इंग्रजी शाळेत गेलो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे दादासाठी काहीतरी करावं असं मला फार वाटायचं, आणि काय करावं ते कळायचं नाही. पुस्तकात याचं उत्तर असेल असंही मला त्या काळात खरोखर वाटत असे.

उत्तर मिळालं ते वसतिगृहात. माझ्या खोलीतला सोबती राहुरीकडच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा होता. दुसऱ्या वर्षी येताना त्याने गिटार आणली. गिटार मी चित्रात पाहिली होती, पण चित्रातला माणूस ती छातीशी धरून बोटांनी तारा दाबतो. हा मात्र ती मांडीवर आडवी ठेवायचा. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून घसरवायचा आणि उजव्या हाताने तारा छेडायचा. सूर पाण्यावरून सरकल्यासारखा लांबत जायचा. मी बराच वेळ त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. मग विचारलं, "तुझी ही दोन बोटं काय करतात?"

"काही नाही. नुसती मागे पडून राहतात," तो म्हणाला. "कांडी धरायला अंगठा न् एक बोट बस झालं."

त्या रात्री मी अभ्यास केला नाही. सोबत्याकडून माहिती काढत राहिलो. अशा वाजवण्याला तारा दांड्यापासून उंच हव्यात, नाहीतर कांडी दांड्यावरच्या धातूच्या पडद्यांवर आपटते, हे त्याने मला नीट समजावून सांगितलं. पैशाची तजवीज मी शिकवण्यांतून केली. वहिनीला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आना. काय व्हायाचं ते व्हईल." दादाला आधी विचारावं असं ती म्हणाली नाही आणि मलाही सुचलं नाही.

गणपतीच्या सुट्टीआधी दादा नगरला आला. हात सिव्हिल हॉस्पिटलात दाखवायचा होता. संध्याकाळच्या मोटरने आम्ही दोघं मिळून गावी जाणार होतो. डॉक्टरांनी हात उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "जखम भरली. आता इथं यायचं कारण नाही."

"जे बोट न्हाई ते खाजतंय, डाक्टरसाहेब," दादा म्हणाला.

"सवय होईल."

बाहेर आल्यावर दादाने उपरणं हातावर ओढलं आणि मोठा श्वास सोडला. "चला. मिटलं येकदाचं," म्हणाला. तो मोकळा झाल्यासारखा दिसला. मला वाटलं, हीच वेळ. मी त्याला चालता चालता सगळं सांगितलं: मांडीवर आडवी, लोखंडी कांडी, अंगठा आणि एक बोट.

दादा हसला. "मी काय बँडवाला हाय व्हय?" थोडं चालल्यावर म्हणाला, "बैलास्नी न्हाई आवडायचं त्ये." आणखी पुढे गेल्यावर, "कुठंशी हाय दुकान? बघू तर. बघाया काय जातंय."

दुकान कापड बाजाराच्या मागच्या बोळात होतं. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. पेट्या दुरुस्त करणं, तबले मढवणं हा त्यांचा धंदा. गोरे सैनिक भिंगारचा कॅम्प सोडून गेले तेव्हा त्यांच्या बऱ्याच वस्तू बाजारात आल्या, त्यातली वाद्यं चाचांकडे आली होती. ढोलकी घ्यायला आलेले दोन तमाशातले लोक बाकावर बसले होते. आम्हीही सतरंजीवर टेकलो.

"या पाटील," चाचा दादाला म्हणाले. "पेटी फाटली की तबला?"

"गिटार बघायची होती," मी म्हणालो.

"वा! वाजवणार कोण?"

मी तोंड उघडण्याआधी दादा म्हणाला, "ह्यो. माझा धाकटा भाऊ. कालेजात हाय."

मी दादाकडे बघितलं. तो समोर टांगलेल्या तबल्यांकडे बघत होता. डावा हात उपरण्याच्या आत होता.

चाचांनी दोन गिटारी काढल्या. एकीच्या पोटातल्या भोकातून बघितलं की आत चिकटवलेल्या कागदावर जहाजाचं चित्र दिसे. दुसरीत चांदणीचं. चाचा छापावरूनच बोलत. "ही जहाज छाप, विलायती. एका गोऱ्याची होती. तो रोज पिऊन वाजवायचा, पण गिटार बिचारी शुद्धीत राहिली. ही चांदणी छाप, कलकत्त्याची. लाकूड चांगलं आहे, खोटं बोलणार नाही. पण हिच्या तारा न् हिचा दांडा सासूसुनेसारखे. बघा किती लांब लांब राहतात!"

बाकावरचे दोघे हसले. चाचांनी माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांची टोकं दाबून बघितली. "पुस्तकं धरणारी बोटं. मऊ. चांदणी घ्याल तर आठ दिवसांत सोलून निघतील. तुम्हाला जहाजच पाहिजे. तार नुसती शिवली की सूर देते."

"मंग जहाजच द्या त्येला," दादा म्हणाला. "वस्तू घ्यायची तर चांगली घ्यावी. शिकल हळूहळू. हुशार हाय."

त्याने हे नुसतं झाकण्यासाठी म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्याला मनापासून आनंद झाला होता. मॅट्रिक झालो तेव्हा मला पेन घेऊन देताना त्याचा चेहरा असाच झाला होता. काही क्षणांतच त्याने स्वतःला बाजूला काढून मला तिथे बसवलं होतं, आणि ते त्याला अगदी सवयीचं होतं. मला भीती वाटली. आता मी गप्प बसलो तर आम्ही जहाज छाप घेऊन घरी जाणार, ती माझी होणार, आणि दादाचा विषय पुन्हा निघणार नाही.

मी चाचरत म्हणालो, "चाचा, मला ती... मांडीवर आडवी ठेवून वाजवतात, तशी शिकायची आहे. कांडीने."

"अस्सं होय! आधी सांगायचं ना, बेटा. मग तर सगळंच उलटं झालं." चाचांनी जहाज बाजूला सारली आणि चांदणी माझ्या मांडीवर ठेवली. फळीवरच्या डब्यातून एक लोखंडी कांडी काढून माझ्या हातात दिली. "मग सासूसून लांब राहतात तेच बरं. वाजवा."

मी कांडी तारांवर टेकवली. जो आवाज निघाला तो ऐकून दादा खदखदून हसला. "आरं, मांजराच्या शेपटावर पाय दिलास जनू!" अपघातानंतर तो असा हसलेला मी पहिल्यांदा ऐकत होतो. मीही हसलो. तमाशावाले हसले. क्षणभर सगळं ठीक आहे असं वाटलं.

"मूठ कच्ची आहे," चाचा म्हणाले. "अभ्यासाची मूठ. इथं नांगर धरणारी मूठ पाहिजे, दाबही नको आणि थरथरही नको." त्यांनी माझ्या हातातून कांडी घेतली आणि दादासमोर धरली, त्याच्या डाव्या बाजूला. "पाटील, तुम्ही धरा बघू. नुसती धरा. तार मी छेडतो."

दादाचं हसणं थांबलं. उपरणं हललं. अंगठा बाहेर येताना मी पाहिला, याबद्दल मला शंका नाही. तेवढ्यात बाकावरचा एक जण गंमत बघायला पुढे वाकला. अंगठा आत गेला. दादा उठला. "मोटरची येळ बघून येतो," म्हणाला आणि चपला घालून बोळातून निघून गेला.

"काय झालं? काही चुकलं का माझं?" चाचांनी विचारलं.

मी हळू आवाजात चरकाचं सांगितलं. चाचांनी कांडी खाली ठेवली. दोन्ही गिटारींकडे बघत म्हणाले, "मग घेतोयस कुणासाठी, बेटा?"

मी बोळाच्या तोंडाकडे बघितलं.

"हे बघ," ते म्हणाले, "तूच वाजवणार असशील तर जहाज घे. नाही जमली तरी दुसरा कुणी खुशीने घेईल. चांदणी घेतलीस तर मांडीवर वाजवणाऱ्याशिवाय तिचा कुणाला उपयोग नाही."

"जहाजच्या तारा उंच करता येणार नाहीत?"

"पट्टी घालून करता येतील. पण दांडा तेवढी ओढ किती दिवस सोसेल ते मी सांगू शकत नाही. ती तशी बनलेली नाही."

दोन्ही गिटारी माझ्यासमोर होत्या. मला त्यातलं लाकूड कळत नव्हतं, आवाजातला फरकही कळत नव्हता. कळत होतं ते एवढंच: जहाज घेतली तर दादा चाचांना जे बोलला ते खरं होईल आणि त्याची लाज राहील. चांदणी घेतली तर ती घरात जिथे टांगू तिथून दादाकडेच बोट दाखवत राहील. पहिली घेणं म्हणजे त्याला सोडून देणं, दुसरी घेणं म्हणजे त्याच्या मागे लागणं. यातलं प्रेमाचं कोणतं, ते मला ठरवता येईना. बाहेर मोटरची वेळ होत होती. मी चांदणीवर हात ठेवला आणि तो उचलायचं धाडस मला झालं नाही. याला निर्णय म्हणावं की नाही, मला माहीत नाही.

चाचांनी गिटार जुन्या चादरीत गुंडाळून दिली आणि कांडी वरून दिली.

मोटरीत गर्दी होती. मी गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "ल्हान पोर हाय का हो त्यात? मंग अर्धं तिकीट काढा त्येचं." आजूबाजूचे हसले. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"कंची घेतलीस?" राहुरी मागे पडल्यावर त्याने विचारलं.

"चांदणी."

"बोटं सोलून घ्यायाची हायती का?"

"न्हाई."

"मंग?"

मी चादरीची गाठ चाचपत राहिलो. दादा अजून बाहेरच बघत होता. उसाच्या फडांवर ऊन उतरत होतं. तो हळू बोलला, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये इतपत. "डाक्टर म्हनला, आता यायचं कारन न्हाई. म्हनलं, सुटलो. आता कुनी म्हनायचं न्हाई, काढ हात, बघू हात. आन् तू मला तितनं उठिवलंस ते थेट दुकानात न्हिऊन बशिवलंस. मला इचारलं व्हतंस?"

"न्हाई," मी म्हणालो.

"म्हंजी झालं तर."



घरी आबांनी गुंडाळी सोडून बघितली आणि विचारलं, "ह्यो भोपळा खायाचा का टांगायाचा?" दादा म्हणाला, "धाकल्याची हाय. त्यो शिकतोय." मग शेजारपाजारचे लोक बघायला आले आणि मला वाजवावी लागली. मांजराचा आवाज ऐकून सगळे पोट धरून हसले. दादा ओसरीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून नाडा वळत बसला होता. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून, उजव्या हाताने. मी लोकांना समजावून सांगत होतो, जरा मोठ्यानेच: "कांडी अशी धरायची. अंगठा आणि हे बोट. दाबायचं नाही, नुसती टेकवायची आणि सरकवायची." शेजारचे काका म्हणाले, "आरं, आमाला कशाला शिकिवतूस? आमी काय वाजिवनार हाय व्हय?" दादाची पाठ हलली नाही.

सुट्टी संपली. गिटार खुंटीला टांगली, कांडी कोनाड्यात ठेवली आणि मी नगरला परत आलो. सोबत्याने विचारलं, "घेतली का? कोणती?" मी सांगितलं. "बरोबर घेतलीस," तो म्हणाला. मला अजिबात बरं वाटलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेलो तर खुंटी रिकामी. कोनाड्यात कांडीही नव्हती. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती.

"वहिनी, गिटार कुठं गेली?"

"गुऱ्हाळात ठिवलीया," ती म्हणाली. "घरात उंदरं लई झाल्यात."

आमच्या गावात उंदरांपासून एखादी वस्तू वाचवायची तर ती गुऱ्हाळात कुणी ठेवणार नाही. काकवी सांडून सांडून तिथली जमीन गोड झालेली आहे आणि तिथले उंदीर मांजराला भीत नाहीत. वहिनीने माझ्याकडे न बघता तव्यावर भाकरी टाकली. तिच्या तोंडावर हसू होतं की चुलीचा उजेड, ते मला कळलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. ती सगळीकडे असते, पण आमच्या घरची रीत अशी की ज्याची वस्तू त्याने आपल्या हाताने मांडायची. दुसऱ्याने मांडलेली चालत नाही. आबा नांगराचा फाळ मांडतात, आई विळा, वहिनी उखळाशेजारचं मुसळ. मी शाळेत जायला लागल्यापासून माझी पुस्तकं मांडत आलो. दादा आपली कुऱ्हाड मांडायचा आणि तिच्यावर पावा आडवा ठेवायचा. चरक मोठा, त्याची पूजा जागेवरच होते. सकाळी तो धुवायला दादा आणि मी गुऱ्हाळावर गेलो.

हंगाम सुरू झालेला नव्हता. आत जुन्या चिपाडांचा वास होता. वाशाला, उंच, दादाच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली गिटार टांगली होती. मी दादाकडे बघितलं. तो चरकाच्या ऊस पिळणाऱ्या लाटांवर पाणी ओतत होता. मी गुंडाळी उतरवून सोडली.

पावसाळी हवेने तारांना गंज चढला होता, पण खुंट्यांपाशीच. मधला भाग लख्ख होता, वरपासून खालपर्यंत, जिथे जिथे कांडी सरकते तिथे. मी वाजवली तेव्हा कांडी आपटून दांड्याच्या पडद्यांवर ओरखडे पडले होते. ते तेवढेच होते. नवा एकही नव्हता.

"गंज चढतू," दादा पाठमोराच म्हणाला. "मधनंमधनं पुसतो."

"व्हय," मी म्हणालो.

"घरी घिऊन चल. तुझी वस्तू हाय, पुस्तकापाशी मांड."

मी गिटार घरी आणून ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवली. पूजेच्या वेळी चुलती आणि शेजारची माणसं आली होती. फाळ मांडला, विळा मांडला, मुसळ मांडलं. दादाने कुऱ्हाड मांडली. तिच्यावरची जागा रिकामी राहिली आणि आईने तिकडे बघून नजर फिरवली. मी पुस्तकं मांडली आणि मागे सरकलो.

"आरं, ह्ये तंबुऱ्यावानी कुनाचं ऱ्हायलं?" आई म्हणाली. "मांडा की लवकर. निवद गार व्हतोय."

"धाकल्याचं," आबा म्हणाले. "उचल रं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उचलली असती तर तिथेच संपलं असतं. ती माझी झाली असती, देवासमोर. मी म्हणालो, "मला वाजवता येत नाही, आबा."

"मंग आनली कशाला?"

मी खाली बघितलं. चुलती म्हणाली, "कालेजात ह्येच शिकिवत्यात वाटतं. वस्तू घ्यायाची आन् म्हनायाचं, मला येत न्हाई!" लोक हसले. "येत न्हाई तर मंग येतंय तरी कुनाला?" आबांनी चिडून विचारलं.

दादा दाराशी उभा होता. ते ऐकताच माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं होतं. त्याला चार लोकांसमोर जणू दुकानातच नेऊन बसवलं होतं, आणि या वेळी तर घरातच. तो आता चपला घालील आणि निघून जाईल अशी माझी खात्री झाली. त्याने खरोखरच उंबऱ्याकडे एक पाऊल टाकलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीवर टाकलं.

पावा एका हाताने मांडता येतो. गिटार एका हाताने उचलली तर कुठेतरी आपटते. दादा खाली बसला, उजवा हात तिच्या पोटाखाली घातला आणि डाव्या हाताने दांडा धरला. अंगठा, एक बोट आणि करंगळी. मधल्या जागेतून दांड्याचं लाकूड दिसत होतं. शेजाऱ्यांनी ते पहिल्यांदाच इतकं उघड बघितलं असावं. चुलती बोलायची थांबली. दादाने गिटार कुऱ्हाडीशेजारी ठेवली, तेव्हा एक तार कशाला तरी लागून वाजली. मग त्याने बंडीच्या खिशातून कांडी काढून तारांवर आडवी ठेवली.

आईने हळदकुंकवाचं बोट पुढे नेलं. ते दादाच्या हातापाशी थांबलं, आणि मग गिटारीला लागलं. आबा म्हणाले, "हं, आरती घ्या." दादाने उपरणं खुंटीवरून काढून पुन्हा खांद्यावर घेतलं. टोक डाव्या हातावर होतं. पूजा झाल्यावर तो बैलांना वैरण टाकायला गेला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

त्या सुट्टीत तो माझ्याशी नेहमीसारखा बोलला. पिकाचं, पाण्याच्या पाळीचं, माझ्या परीक्षेचं. गिटार संध्याकाळीच गुऱ्हाळात परत गेली होती. वहिनी मला म्हणाली, "वाजिवत्यात. तुमी गेल्यावर. तुमी आलं की हातच लावत न्हाईत. काय तिढा हाय तुमा दोघांत?"

गेल्या हिवाळ्यात मी आधी न कळवता गावी गेलो. मोटरीतून उतरून थेट मळ्याची वाट धरली. गुऱ्हाळाचा धूर दिसायला लागला आणि वाऱ्याबरोबर सूर आला, लांबत जाणारा, पाव्यासारखा नसलेला. बांधावरून दिसलं की दादा चरकाच्या लाकडावर बसला आहे, मांडीवर गिटार आडवी आहे आणि बैल चालत आहेत. आवाज वसतिगृहातल्या सोबत्यासारखा सफाईदार नव्हता. मधेच अडखळत होता, तीच ओळ पुन्हा घेत होता. उपरणं खांद्यावर नव्हतं. मी बांधावरच बाभळीआड थांबलो. पुढे गेलो तर हे थांबेल, हे मला माहीत होतं.

पण पिशवी हातात, उन्हात, किती वेळ उभा राहणार? आबांनी मला बघितलं आणि हाक मारली. सूर तिथेच तुटला आणि बैल थांबले. मी गुऱ्हाळात पोचेपर्यंत गिटार धोतरात गुंडाळून वाशाला गेली होती आणि उपरणं जागेवर आलं होतं. दादाने उजव्या हाताने घागर वाकडी करून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"आलास व्हय?" तो म्हणाला. "घे. रस पी."